पाणचक्कीचं पीठ कुणासाठी?

मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत 'सहल' हा शब्द शाळेतून आला. त्याआधी, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, घरात बोलले जाणारे शब्द वेगळे होते. उरुसाला जायचं, कंदुरीला जायचं, बासी ईदला पाणचक्कीवर जायचं. बासी ईद म्हणजे ईदचा दुसरा दिवस. पाहुणे येऊन गेलेले असतात, शिरखुर्म्याची पातेली घासून पालथी पडलेली असतात आणि मुलं नव्या कपड्यांत बाहेर जाण्यासाठी हट्ट धरून बसलेली असतात. आमच्या घरी या तिन्ही ठिकाणी जाताना दादीचा एकच नियम असे: एक डबा आपला, एक डबा तिथला. दुसऱ्या डब्यात मलिदा असो, जर्दा असो की नुसती रोटी आणि गूळ असो, तो घरी परत आणायचा नाही.

हा दंडक आमच्या दादीचा एकटीचा नव्हता. औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर), दौलताबाद आणि खुलताबाद या पट्ट्यातल्या बहुतेक घरांत तो या ना त्या रूपात पाळला जात होता. कुटुंबानं फिरायला जाणं आणि अनोळखी माणसाला खाऊ घालणं या इथे दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र हा धागा फारसा सापडत नाही. सुफी स्थळांवर लिहिताना कुणी चमत्कार लिहितं, कुणी कमानी आणि घुमट मोजतं, कुणी तिथे कोणता बादशाह पुरला आहे याची नोंद करतं. तिथे रोज किती माणसं जेवत, ते पीठ कुठून येई आणि त्याचा खर्च कोण उचले, हा हिशेब मागे राहतो. मला तो हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण या जागा उभ्या राहिल्या त्याच्यावरच.

'फुतूह' म्हणजे काय?

खुलताबादचं जुनं नाव रौजा. औरंगजेबाला मृत्यूनंतर 'खुल्द-मकान' असं संबोधलं गेलं, त्यावरून खुलताबाद हे नाव पडलं. पण गाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे. शेख मुन्तजिबुद्दीन, ज्यांना लोक 'जर जरी जर बख्श' म्हणतात, ते १३०९ मध्ये इथे वारले. या नावाचा अर्थच 'सोनं देणारा' असा होतो. १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकानं दौलताबादला राजधानी केली. त्या स्थलांतरात दिल्लीहून आलेल्या मंडळींमध्ये मुन्तजिबुद्दीन यांचे भाऊ बुऱ्हानुद्दीन गरीब होते. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे ते शिष्य. १३३७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यांचीही दर्गा इथेच झाली.

बुऱ्हानुद्दीन यांच्या शिष्यांनी त्यांची संभाषणं लिहून ठेवली. अशा संग्रहांना 'मलफुजात' म्हणतात. दखनमधल्या चिश्ती परंपरेचा अभ्यास करणाऱ्या कार्ल अर्न्स्ट यांनी याच साहित्यावर १९९२ मध्ये इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. चिश्ती खानकाहचा कारभार 'फुतूह'वर चालत असे. फुतूह म्हणजे न मागता आलेलं दान. कुणी धान्य आणून टाकी, कुणी कापड, कुणी नाणी. ते साठवायचं नाही, आलं तसं वाटून टाकायचं, उद्याची चिंता उद्या, अशी रीत होती. देणाऱ्याचं नाव मोठं करायचं नाही आणि घेणाऱ्याची जातकुळी विचारायची नाही.

ही रीत ऐकायला सुंदर आहे, पण तिला एक मर्यादा आहे. ती त्या दिवशी काय आलं यावर अवलंबून असते. पीर हयात असेतो लोक येतात, देतात. पीर गेल्यावर दर्ग्यात दिवा कोण लावणार, उरुसाला आलेल्यांना कोण जेवू घालणार? खुलताबादला हा प्रश्न लवकरच पडला. खानदेशातल्या फारुकी सुलतानांची या पीरांवर श्रद्धा होती. तापीकाठी त्यांनी वसवलेल्या बुऱ्हानपूरला बुऱ्हानुद्दीन यांचं नाव मिळालं आणि नदीच्या पलीकडच्या जैनाबादला त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराजी यांचं. त्यांच्याकडून आणि पुढे मोगल व निजामाच्या काळात दर्ग्यांना जमिनी व गावांचा महसूल लावून दिला गेला. रोजच्या ओंजळीतून आलेल्या दानाला अशी कायमची जोड मिळाली.

पाण्यानं दळलेलं पीठ

दान कायमचं करण्याची सगळ्यात कल्पक रीत मात्र औरंगाबादेत, खाम नदीच्या काठावर दिसते.

औरंगाबाद हे पाण्याच्या नहरींवर उभं राहिलेलं शहर आहे. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकीला राजधानी वसवली आणि पुढच्या काही वर्षांत जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली. तिला आजही नहर-ए-अंबरी म्हणतात. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी उताराच्या आधारानं, कुठलंही यंत्र न लावता शहरात खेळवायचं, हे तंत्र या मातीत रुजलं. १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत गावाला औरंगाबाद हे नाव मिळालं, वस्ती वाढली, नहरीही वाढल्या.

याच शहरात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बुखाऱ्याकडचे दोन नक्शबंदी फकीर आले, बाबा शाह सईद पलंगपोश आणि बाबा शाह मुसाफिर. पलंगपोश गाजीउद्दीन खान फिरोज जंगच्या फौजेबरोबर फिरत. हा गाजीउद्दीन म्हणजे पहिल्या निजामाचा बाप. मुसाफिर मात्र औरंगाबादेत तकिया सांभाळून राहिले. १६९९ मध्ये पलंगपोश गेले, १७१५ च्या सुमारास मुसाफिर. त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी दोघांच्या आठवणी फारसीत लिहिल्या. सायमन डिग्बी यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दखनच्या युद्धांमागचं एक वेगळं जग दिसतं. नोकरीच्या शोधात मध्य आशियातून चालत आलेले शिपाई, आजारी प्रवासी, हजला निघालेले लोक आणि त्या सगळ्यांना डोकं टेकायला आणि पोटाला मिळणारा एक तकिया.

अशा ठिकाणी सगळ्यात मोठं काम कोणतं? दळण. लाकूड विकत मिळतं, धान्य दानात येतं, पण धान्याचं पीठ व्हायला हात लागतात. पहाटे उठून जात्यावर बसणाऱ्या बाईला विचारा, घरातल्या पाच-सात माणसांचं दळणसुद्धा किती वेळ खातं ते. तकियात रोज किती माणसं येतील याचा नेम नाही. मग पीठ कोण दळणार?

याचं उत्तर पाण्यानं दिलं. शाह महमूद यांच्या काळात तकियाचा विस्तार झाला. मशीद, मदरसा, सराई आणि हौद या बांधकामांशी तुर्कताज खान आणि जमील बेग खान या सरदारांची नावं जोडली जातात. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातून काही किलोमीटर अंतरावरून मातीच्या नळांतून पाणी आणलं गेलं. वाटेत उंच खांब उभारून त्यातली हवा मोकळी केली आणि पाण्याचा जोर सांभाळला. शेवटी हे पाणी उंच भिंतीवरून हौदात पडतं. त्याच पाण्याच्या जोरावर खालचं पात्यांचं चाक फिरतं आणि चाकाबरोबर जात्याचा वरचा दगड. इथे येणारे प्रवासी, फकीर आणि मदरशातली मुलं यांच्यासाठी या चक्कीवर पीठ दळलं जात असे. जागेला पाणचक्की हे नाव पडलं ते या जात्यावरून, मशिदीवरून किंवा मजारीवरून नाही. लोकांनी नाव ठेवताना काय लक्षात ठेवलं, हे त्यातून कळतं.

इस्लामी परंपरेत वक्फची कल्पना थोडक्यात सांगायची तर मूळ राखायचं आणि फळ वाटायचं. हजरत उमर यांच्या खैबरच्या जमिनीबद्दलची हदीस याच तत्त्वाची आहे. जमीन विकायची नाही, कुणाला बक्षीस द्यायची नाही, वारशातही जाऊ द्यायची नाही. तिचं उत्पन्न मात्र गरीब, नातलग, प्रवासी आणि पाहुणे यांच्यावर खर्च करायचं. पाणचक्कीत ही कल्पना डोळ्यांनी पाहता येते. डोंगर, नहर आणि जातं हे मूळ आणि पीठ हे फळ. देणारा सरदार मेला तरी जातं फिरत राही.

हौदाच्या काठावरची दुपार

भुकेल्यांसाठी बांधलेली जागा फिरायला येणाऱ्यांची कधी झाली, याची तारीख सांगता येत नाही. कारण ती बहुधा पहिल्यापासूनच दोघांची होती. जिथे वाहतं पाणी, मोठा वड, सावली आणि बसायला फरशी आहे तिथे बायकामुलं येणारच. पाणचक्कीच्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. त्यामुळे मे महिन्यातही ते दालन गार राहतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असा गारवा पूर्वी हवेल्यांत राहणाऱ्यांनाच मिळे. इथे तो कुणालाही मिळत होता आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नव्हतं.

बायकांसाठी या जागांचं मोल आणखी वेगळं होतं. पडद्यातल्या घरांत बाहेर पडायला कारण लागे. बाजार पुरुषांचा होता. लग्न आणि मयत सोडली तर उरूस आणि जियारत हीच मोकळी कारणं. अनेक दर्ग्यांत मजारीच्या आतल्या दालनात बायकांना जाऊ देत नाहीत. पण अंगण त्यांचं असे. खुलताबादला रबीउल अव्वल महिन्यात जर जरी जर बख्श यांचा उरूस भरतो. त्याच महिन्याच्या बारा तारखेला जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्यात पैरहन-ए-मुबारक, म्हणजे पैगंबरांचा मानला जाणारा अंगरखा, लोकांना पाहायला मिळतो. त्या दिवशी आसपासच्या जिल्ह्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. बांगड्यांची दुकानं, पाळणे, खेळणी, मिठाई, आणि गर्दीपासून जरा बाजूला चादर अंथरून बसलेल्या बायका. प्रत्येक चादरीवर डबे उघडलेले आणि शेजारच्या चादरीवर काहीतरी सरकवलेलं. माझ्या आठवणीतला उरूस हा आहे. कव्वाली कुणाची होती ते मला आठवत नाही, पण एका अनोळखी बाईनं हातावर ठेवलेला गरम रोट आठवतो.

नहर नसलेल्या गावांत

प्रत्येक गावाला तुर्कताज खान मिळत नाही. ज्या गावात सरदार नव्हता, नहर नव्हती आणि जमिनीचा महसूलही नव्हता, तिथल्या लोकांनी हेच काम कंदुरीनं केलं. नवस फेडायचा म्हणून बकरा घेऊन गावाबाहेरच्या पीराकडे जायचं, तिथेच चूल मांडायची, फातेहा द्यायची आणि येईल त्याला पंगतीत बसवायचं. पूर्वी बैलगाडीनं जात, आता टेम्पोनं. सोबत भावकी, शेजारी, मुलांची झुंड. पुरुष रश्श्याकडे बघतात, बायका भाकरी थापतात, पोरं झाडावर असतात. माळकरी पाहुण्यांसाठी गोडाचं वेगळं शिजतं.

मराठवाड्यात कंदुरी मुसलमानांइतकीच हिंदू घरांतही होते. मूल झालं, विहिरीला पाणी लागलं, आजारातून माणूस उठला की पीराला बोललेला नवस फेडायचा. बकरा हलाल करायला मुलाणी लागतो. गावगाड्याच्या बलुत्यात मुलाण्याचं ते कामच होतं आणि त्याबद्दल त्याचा ठरलेला वाटा त्याला मिळे. म्हणजे हिंदू घरच्या नवसाचं जेवण मुसलमान पीराच्या दारात, मुलाण्याच्या हातून सुरू होई आणि सगळ्या गावाच्या पोटात जाई. आमच्या भागात दंडक असा की कंदुरीचं अन्न शिवेच्या आत परत न्यायचं नाही, तिथेच संपवायचं. चौदाव्या शतकातली 'आलं तसं वाटून टाका' ही रीत आणि हा दंडक, यांत मला फार अंतर दिसत नाही.

याच्यावर आक्षेप आहेत आणि ते दोन्ही बाजूंनी आहेत. मुसलमानांमधल्या सुधारणावादी मंडळींना उरूस आणि कंदुरी धर्मबाह्य वाटतात. कर्ज काढून कंदुऱ्या करणारी घरं पाहिलेले कार्यकर्ते त्याला उधळपट्टी म्हणतात. दुसरा आक्षेप मला खरा वाटतो. ऐपत नसताना केलेलं दान हे दान राहत नाही, ती गावाची भीती होते. पण नवसाचा धाक बाजूला काढला तरी उरतं ते मोलाचं आहे. वर्षातून एकदा घरानं घराबाहेर चूल मांडायची आणि त्या चुलीवर कुणाचंही ताट मोजायचं नाही.

एकच रस्ता

औरंगाबादहून खुलताबादला जाणारा साधारण पंचवीस किलोमीटरचा रस्ता या गोष्टीचा चांगला साक्षीदार आहे. खुलताबादला भद्रा मारुतीचं प्रसिद्ध मंदिर आहे. तिथली मारुतीची मूर्ती निद्रिस्त अवस्थेतली आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी हजारो लोक शहरातून पायी निघतात. रात्रभर रस्त्याच्या कडेला चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी आणि पाणी वाटणारी माणसं उभी असतात. कुणाची दुकानं, कुणाची तरुण मंडळं, कुणाची नुसती घरं. उरुसाच्या दिवसांत याच रस्त्यानं दुसरी माणसं जातात. जवळच्या शूलिभंजनच्या डोंगरावर एकनाथांनी तप केल्याचं सांगतात आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादचे किल्लेदार होते. पावसाळ्यात तिन्ही ठिकाणी जाणारी कुटुंबं रस्त्याच्या कडेला एकाच ठिकाणी सीताफळं घेतात.

अलीकडे मात्र बाहेरच्या माणसाला खुलताबाद माहीत होतं ते एकाच कबरीमुळे. वर्षातून एकदोनदा त्या कबरीवरून वातावरण तापतं, बंदोबस्त लागतो आणि त्याचा पहिला फटका बसतो तो फिरायला येणाऱ्या कुटुंबांना, म्हणजे ओघानं बांगडीवाल्याला, पाळणेवाल्याला आणि सीताफळाच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाईला. ज्या गावाची ओळख सातशे वर्षं खाऊ घालण्याची होती, त्या गावाबद्दल आपण फक्त कोण पुरलं आहे एवढंच बोलतो.

हिशेब कुणाला विचारायचा?

१९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामाचं राज्य संपलं आणि १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. जुने आश्रयदाते गेले. दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या मालमत्ता पुढे वक्फ कायद्याखाली आल्या. आज महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय पाणचक्कीच्याच आवारात आहे. राज्यभरातल्या वक्फ जमिनींच्या फायली जिथे फिरतात, तिथून काही पावलांवर ते जातं आहे. आता आत जायला तिकीट लागतं आणि चक्की पाणी असेल तेव्हा फिरते ती पाहुण्यांना दाखवण्यासाठी.

तिकिटाला माझा विरोध नाही. जुन्या वास्तूची निगा फुकट होत नाही. माझा प्रश्न दुसरा आहे. २०२५ मध्ये वक्फ कायद्यातल्या दुरुस्तीवरून देशभर वाद झाला. दोन्ही बाजूंनी जमिनीचे आकडे फेकले गेले. जमीन कुणाची, मंडळावर कोण, नोंद कुणी करायची, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण वक्फचा पहिला प्रश्न जमीन कुणाची हा नव्हता, पीठ कुणासाठी हा होता. समाजातल्या ज्या मंडळींनी जमिनी कवडीमोल भाड्यानं दिल्या आणि ज्या बाहेरच्यांनी त्या बळकावल्या, त्या दोघांनाही हा दुसरा प्रश्न नको असतो. कारण त्याचं उत्तर कागदावर द्यावं लागतं. यंदा उत्पन्न किती आलं, त्यातून किती मुलांची फी भरली, किती रुग्णांच्या नातेवाइकांना निवारा दिला, किती ताटं वाढली.

हे विचारण्याचा हक्क सरकारला आहे, तसाच तो चादर अंथरून बसणाऱ्या कुटुंबालाही आहे. किंबहुना त्यालाच आधी आहे. सरदारांनी नहर बांधली हे खरं, पण तीनशे वर्षं ही जागा जिती ठेवली ती डबा घेऊन येणाऱ्यांनी. मला वाटतं, प्रत्येक वक्फ संस्थेनं आपल्या दारावर, जिथे तिकिटाचे दर लिहिलेले असतात तिथेच, मागच्या वर्षीच्या उत्पन्नाचा आणि वाटपाचा साधा मराठी-उर्दू फलक लावावा. दहा ओळी पुरतील. येणारी मुलं पाणी बघण्याआधी तो वाचतील आणि त्यातलं एखादं आपल्या बापाला विचारेल, 'अब्बा, मग यंदाचं पीठ कुणाला मिळालं?' बासी ईदला पाणचक्कीवर गर्दी असते. हा प्रश्न विचारायला त्याहून चांगला दिवस नाही.